जुनी क्वालिस, डिझेलचा वास आणि सकाळची सेल्फची कटकट : गळती नेमकी कुठे शोधायची?

घोडबंदरकर | शनिवार, सकाळी ११.२०

मंडळी, गाडी २००४ ची क्वालिस, २.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन (२एल), एमएच-०४. बाबांनी नवी घेतलेली, आता मी चालवतो. २०२४ मध्ये दुसऱ्यांदा पुनर्नोंदणी करून घेतली आहे, म्हणजे २०२९ पर्यंत कागदांची चिंता नाही. तेव्हा 'विकून टाक' सोडून काहीही सांगा.

त्रास दोन आहेत, आणि ते एकाच मुळाचे आहेत की वेगवेगळे हेच कळत नाहीये. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागते, दोन-तीन सेकंद चालते आणि बंद पडते. मग लांबलचक सेल्फ मारत बसावं लागतं. एकदा लागली की दिवसभर तक्रार नाही. दुसरं म्हणजे बोनेट उघडलं की डिझेलचा वास येतो आणि इंजेक्शन पंपाच्या वरच्या अंगाला ओल दिसते. जमिनीवर मात्र थेंबही नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघितलं आणि 'पंप आणि चारही नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर) उतरवून ओव्हरहॉल' असं सांगितलं. खर्च पाच आकडी. दुसऱ्याने हीटर प्लग बदला म्हणून सांगितलं. पंप उघडायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला स्वतःला काय काय तपासता येईल? पाने-पक्कड आहेत, शनिवार-रविवार मोकळा आहे.

चाकोरीबाहेर | शनिवार, सकाळी ११.४१

पंपाला कुणाला हात लावू देऊ नका अजून. धाग्यावर बसलोय.

तुर्भे_टर्मिनल | शनिवार, दुपारी १२.३०

अर्धं निदान तुमच्या वर्णनातच आहे. 'लागते आणि बंद पडते' हे हीटर प्लगचं लक्षण नाही. हीटर गेले असतील तर गाडी लागतानाच कुरकुरते, थडथडते, पांढरा धूर सोडते. पण एकदा पकडलं की सहसा बंद पडत नाही. तुमची गाडी पंपात उरलेल्या डिझेलवर दोन-तीन सेकंद चालते, मागून हवेचा फुगा येतो आणि संपलं. गाडी एअर घेतेय.

आता ही हवा येते कुठून? क्वालिसच्या या इंजिनात टाकीत पंप नसतो. इंजेक्शन पंपाच्या पोटातच एक छोटा पंप असतो, तो टाकीपासून फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. या ओढण्याच्या बाजूला नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे केसाएवढी फट असली तरी गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. म्हणून खाली थेंब नाही.

पंपाच्या पुढे सगळी दाबाची बाजू. तिथे फट असेल तर डिझेल बाहेरच येणार, ओल दिसणार, वास येणार. माझ्या मते तुमच्याकडे दोन्ही बाजूंना काही ना काही आहे, आणि दोन्ही स्वस्तातली निघण्याची शक्यता बरीच आहे.

एक सांगा, रात्री गाडी चढावर तोंड करून उभी असते का?

घोडबंदरकर | शनिवार, दुपारी १२.४४

हो! आमचं पार्किंग रॅम्पवरच आहे, तोंड वरच्या बाजूला. आणि आता तुम्ही विचारल्यावर आठवलं, येऊरच्या पायथ्याशी मित्राकडे मुक्कामाला गेलो होतो तेव्हा उताराकडे तोंड करून लावली होती. सकाळी एका झटक्यात लागली.

मल्टीजेट | शनिवार, दुपारी १२.५०

मिळाला उपाय. रोज येऊरला मुक्काम. :)

तुर्भे_टर्मिनल | शनिवार, दुपारी १.०५

मग तर जवळपास पक्कंच. उद्या रॅम्पवर उलटी लावून बघा, काहीच खर्च नाही. तोंड खाली असताना नीट लागली तर ओढण्याच्या बाजूलाच फट आहे.

पंपवाला_काका | शनिवार, दुपारी ३.१५

माझं सगळं आयुष्य कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ पंप आणि नोझल कॅलिब्रेट करण्यात गेलंय. पंप माझ्याकडे आला तर धंदा माझाच, तरी सांगतो, आमच्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी पंपांना काहीही झालेलं नसतं. बाहेरची दीडशे रुपयांची नळी गेलेली असते.

घोडबंदरकर, तुमच्या गाडीत फिल्टरच्या डोक्यावर काळा हँड प्रायमर आहे ना, दाबून डिझेल भरायचा? माझा पहिला संशय त्याच्यावर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. वीस वर्षांत तो कडक होतो, बारीक तडा जातो आणि तिथून हवा शिरते. सकाळी सेल्फ मारायच्या आधी प्रायमर दाबून बघा. मऊ लागला, बराच वेळ दाबल्यावर कडक झाला आणि त्यानंतर गाडी एका झटक्यात लागली, तर रात्रीत डिझेल मागे उतरलंय हे सिद्ध झालं. दाबताना प्रायमरच्या कडेने ओल आली तर चोरही सापडला.

त्यानंतर पारदर्शक नळीची परीक्षा. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी काढून तिच्या जागी त्याच मापाची पारदर्शक नळी घाला, दोन्हीकडे क्लिप लावा, प्रायमरने हवा काढा आणि गाडी चालू करून बघत बसा. सुरुवातीला चार-दोन फुगे जातील, ते सोडून द्या. नंतरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर हवा फिल्टरच्या आधी किंवा फिल्टरमध्येच शिरतेय. हे पंपाच्या इनलेटलाच बघायचं. रिटर्नच्या, म्हणजे जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या, नळीत फुगे दिसले म्हणून निष्कर्ष काढू नका.

शेवटची परीक्षा बाटलीची. स्वच्छ बाटलीत डिझेल भरून ती पंपापेक्षा उंच, बोनेटच्या बिजागरीजवळ वगैरे नीट बांधा. पंपाची इनलेट नळी त्या बाटलीत आणि रिटर्नही त्याच बाटलीत. टाकी, लांब पाइप, फिल्टर सगळं बाजूला झालं. रात्रभर असंच ठेवून सकाळी गाडी छान लागली तर पंप आणि नोझल निर्दोष. मग त्या ओव्हरहॉलवाल्याला नमस्कार करा.

पारदर्शक नळी ही फक्त परीक्षेपुरती. साध्या पीव्हीसीची नळी डिझेलने पिवळी पडते, लाकडासारखी कडक होते आणि पुन्हा हवा घ्यायला लागते. कायमसाठी इंधनाचीच रबर नळी आणा. नळीवर डिझेलसाठी असल्याचं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. पाण्याची किंवा कंप्रेसरची नळी नको.

रबरबेल्ट | शनिवार, संध्याकाळी ५.२०

ओल शोधायची रीत माझ्याकडून. डिझेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथे गळती असतेच असं नाही. आधी पंप, नोझल, नळ्या सगळं ब्रश आणि डिग्रीझरने पुसून कोरडं खडखडीत करा. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर काळवंडली, ती जागा. बाकी सगळा ओघळ.

फक्त प्रेशर वॉशर मारू नका, आणि गरम पंपावर गार पाणी तर अजिबात नको. आतला रोटर जाम होतो.

पंपवाला_काका | शनिवार, संध्याकाळी ६.०२

रबरबेल्ट यांनी लाखमोलाचं सांगितलं. गार पाण्याने जाम झालेले पंप माझ्याकडे पावसाळ्यात हमखास येतात, सर्व्हिसिंग सेंटरवरून थेट.

मल्टीजेट | शनिवार, संध्याकाळी ६.३०

काका, माझी २००८ ची १.३ कॉमन रेल आहे. हेच सगळं मलाही लागू का? माझ्याकडे सकाळी नुसता सेल्फ फिरतो, लागतच नाही लवकर.

पंपवाला_काका | शनिवार, संध्याकाळी ६.५५

नाही, आणि हे ठळक सांगायला हवं. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत हवा काढायला मेकॅनिक नोझलचे नट सैल करून सेल्फ मारतात. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं आणि तिचा दाब हजार बारच्या वर जातो. तिथे गाडी चालू असताना नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ द्यायचा.

तुमच्या लक्षणात मी आधी इंजेक्टरची रिटर्न तपासणी करीन. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या मापाच्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन ठरावीक वेळ चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. सेल्फ फिरताना सगळं डिझेल तिकडून परत जातं, रेलमध्ये दाब साचतच नाही, मग गाडी कशी लागणार? स्कॅनरवर सेल्फ मारताना रेलचा दाब किती येतो तेही बघून घ्या. ही तपासणी जाणत्या गॅरेजकडूनच करा.

हाडवैद्य_ऐरोली | शनिवार, रात्री ८.१०

मी गाड्यांतला नाही, हाताच्या शस्त्रक्रिया करतो. काकांच्या मुद्द्याला धरून कळकळीने सांगतो. दाबाच्या नळीतली बारीक गळती बोटाने चाचपून कधीही शोधू नका. दाबाखालची धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस पट्टी लावून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आवरणांमधून पसरत गेलेलं असतं. काही तासांत बोट सुजून काळं-निळं पडतं, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

असं झालंच तर 'कापलं' असं सांगू नका. 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' अशा शब्दांत सांगा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, डोळ्यांवर चष्मा घाला.

घोडबंदरकर | शनिवार, रात्री ८.२५

डॉक्टर, मनापासून आभार. हे गॅरेजमध्ये कुणीच सांगत नाही. पुठ्ठा आणि चष्मा तयार ठेवतो.

नेरूळकरीण | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या जुन्या एसयूव्हीची गोष्ट वेगळी होती, तीही नोंदवते. केबिनमध्ये वास यायचा, पण फक्त टाकी फुल केल्यावर, आणि पाम बीच रोडला वळण घेतलं की जास्त. अर्धी टाकी संपली की वास गायब. बोनेटखाली सगळे शोधून दमले. शेवटी टाकीच्या वर डिझेलची पातळी मोजणारा जो फ्लोट बसवलेला असतो त्याची रबरी रिंग फुगून वेडीवाकडी झालेली सापडली. टाकी काठोकाठ असली की डिझेल हिंदकळून तिथून बाहेर यायचं आणि टाकीच्या पाठीवरच सुकायचं. डिझेल भरायच्या तोंडाकडून टाकीकडे जाणारी जाड रबर नळीसुद्धा अशीच भेगाळते.

वास कधी येतो याची नोंद ठेवा. टाकी भरल्यावर, चढावर, एसी लावल्यावर, की बंद केल्यानंतर. आमच्या मेकॅनिकला आम्ही हे नीट सांगितलं तेव्हाच तो टाकीकडे वळला.

जुनं_ते_सोनं | शनिवार, रात्री १०.१५

माझं स्पष्ट मत, हे सगळं बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलमुळे होतंय. २०२० नंतर आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी जुन्या गाड्यांचे पंप पाझरायला लागले. सल्फर काढलं आणि सीलची वाट लागली. मी दर टाकीला टू-स्ट्रोक ऑइल टाकतो, गाडी लोण्यासारखी चालते.

कोपरीचा_केमिस्ट | शनिवार, रात्री ११.०५

जुनं_ते_सोनं, निरीक्षण खरं आहे, कारण थोडं वेगळं आहे. सल्फर स्वतः रबराला काही करत नाही. जुन्या गाड्यांतले सील नायट्राइल रबराचे असतात. डिझेलमधले ॲरोमॅटिक घटक हे रबर किंचित फुगवतात, आणि सील त्या फुगलेल्या मापावर वर्षानुवर्षं बसलेलं असतं. सल्फर काढायची जी हायड्रोजनची प्रक्रिया रिफायनरीत होते, तिच्यात ॲरोमॅटिकही कमी होतात. मग सील आकसतं. नवं रबर लवचीक असतं, सांभाळून घेतं. जुनं कडक झालेलं रबर आकसलं की तिथे फट पडते. कॅलिफोर्नियात १९९३ मध्ये कमी ॲरोमॅटिकचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या गाड्यांच्या पंपांच्या गळतीच्या अशाच तक्रारी झाल्या होत्या.

पण सगळा दोष बीएस-६ वर टाकता येणार नाही. मुंबई भागात एप्रिल २०१० पासूनच बीएस-४ म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) सल्फरचं डिझेल होतं. त्याआधी बीएस-३ ला ३५० पीपीएम. खरी मोठी उडी तेव्हाच झाली. एप्रिल २०२० ला ५० वरून १० वर आलो. वीस वर्षांचं रबर तसंही आयुष्याच्या शेवटाला आलेलं असतं.

टू-स्ट्रोक ऑइलबद्दल मी ठामपणे नाही म्हणेन. वंगण कमी पडतं ही भीती असेल तर आपल्याकडच्या डिझेलच्या मानकातच, आयएस १४६० मध्ये, वंगणाची चाचणी आहे. झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत हवा, आणि त्यासाठी रिफायनरी ॲडिटिव्ह घालूनच डिझेल पाठवते. आकसलेलं सील मात्र ऑइल टाकून पुन्हा तरुण होत नाही. सील बदलणं हाच उपाय, आणि बदलताना व्हायटॉन या रबराचं मागा. त्याला या घटकांच्या कमी-जास्तीने फारसा फरक पडत नाही.

जुनं_ते_सोनं | शनिवार, रात्री ११.२०

माहिती पटली, ऑइलबाबत मात्र मी माझ्या अनुभवावर कायम आहे. इंजिनाचा आवाज मऊ झाला तो मी कानाने ऐकलाय.

पाटीलवाडा | रविवार, सकाळी ७.५०

आणि आता ते इथेनॉल मिसळतात त्याचं काय? त्याने पण नळ्या खराब होतात म्हणे.

कोपरीचा_केमिस्ट | रविवार, सकाळी ८.३०

ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. डिझेलच्या गाडीला त्याचा संबंध नाही. हा धागा डिझेलचाच राहू द्या.

गायमुख_स्वार | रविवार, सकाळी ९.१०

मी घोडबंदर रोडने रोज दुचाकीवर जातो-येतो, म्हणून माझी कळकळ वेगळी आहे. पहिल्या पावसात गायमुखच्या घाटात कुणाच्या गाडीतून सांडलेलं डिझेल पाण्यावर पसरतं आणि दुचाकीवाले एकामागोमाग एक घसरतात. आपत्ती व्यवस्थापनाची माणसं येऊन माती टाकेपर्यंत काय काय होऊन बसतं. पेट्रोल उडून जातं, डिझेल रस्त्यावर चिकटून राहतं. घोडबंदरकर, तुम्ही थेंब जमिनीवर पडायच्या आधी शोधायला बसलात याबद्दल तुमचे आभार मानतो. 'गाडी चालतेय ना, मग थोडी गळेना' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

रबरबेल्ट | रविवार, सकाळी ९.३५

गायमुख_स्वार यांना पूर्ण पाठिंबा. आणि आगीचं विसरू नका. 'डिझेल पेटत नाही' असं सर्रास म्हणतात. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) मानकाप्रमाणे किमान ३५ अंश आहे, युरोपात तोच ५५ च्या वर लागतो. मे महिन्यात बोनेटखाली ३५ म्हणजे काहीच नाही. गळतीचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेटायला ठिणगीही लागत नाही.

घोडबंदरकर | रविवार, दुपारी १.३०

पहिला अहवाल.

काल रात्री गाडी उलटी, तोंड खाली करून लावली. सकाळी एका सेल्फला लागली आणि चालू राहिली. मग बंद करून प्रायमर तपासला. काका, तुमचा संशय खरा ठरला. दाबताना प्रायमरच्या बुडाशी, जिथे तो फिल्टरच्या डोक्याला बसतो, तिथे ओलीची बारीक रेघ उमटते आणि सोडल्यावर तिथूनच आत हवा ओढल्यासारखा 'फुस्स' आवाज येतो. कान लावून ऐकला तर स्पष्ट येतो. पारदर्शक नळीत बुडबुडे अखंड चालू आहेत.

पावडरही टाकली. पंपाच्या वरच्या झाकणावर जी ओल होती ती दोन ठिकाणांहून येतेय. एक, नोझलच्या परतीच्या पाइपपासून निघणारी छोटी रबर नळी. तिच्यावरचा सुती विणीचा थर काळा पडून चिरमटलाय, बोटांनी दुमडली तर भेगा उघडतात. दोन, पंपाच्या रिटर्नचा पोकळ बोल्ट, त्याच्या वायसरपाशी. ॲक्सिलरेटरच्या लिव्हरचा दांडा पंपात शिरतो तिथे पावडर जराशी ओलावली आहे, पण तिला थेंब म्हणता येणार नाही.

आता काय क्रम ठेवू?

तुर्भे_टर्मिनल | रविवार, दुपारी २.००

आधी प्रायमर आणि परतीची नळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपासायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय गेलं होतं ते कधीच कळत नाही.

पंपवाला_काका | रविवार, दुपारी २.४०

बरोबर. प्रायमर बदलताना फिल्टरही बदला, त्याचं रबर रिंग डिझेलने ओलं करून बसवा, पान्ह्याने आवळू नका, हाताने घट्ट पुरे. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा जो कॉक आणि सेन्सर असतो, तो जुन्या फिल्टरवरून काढून नव्यावर बसतो. त्याचं ओरिंगही नवं घाला. प्रायमर बदलूनही हवा येत राहिलेल्या गाड्यांत मी हेच ओरिंग तुटलेलं पाहिलंय.

रिटर्नच्या बोल्टबद्दल नीट वाचा. तुमच्या पंपावर दोन सारखेच दिसणारे पोकळ बोल्ट आहेत, एक इनलेटचा आणि एक रिटर्नचा. रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर बहुधा 'आउट' असं इंग्रजीत कोरलेलं असतं, आणि त्याच्या आतलं भोक अगदी बारीक असतं. त्या बारीक भोकामुळेच पंपाच्या पोटात दाब टिकतो. दोन बोल्ट एकमेकांच्या जागी गेले तर इनलेट गुदमरतो, पंपातला दाब बिघडतो आणि गाडी दमल्यासारखी चालते. एकच बोल्ट सोडा, त्याचे दोन्ही वायसर नवे घाला, तो बसवा, मगच दुसऱ्याकडे बघा.

वायसर तांब्याचे असोत की ॲल्युमिनियमचे, एकदा आवळले की दबतात. जुने परत घालू नका. टेफ्लॉनची पट्टी, धागा, एम-सील, सिलिकॉन, यातलं काहीही इथे नको. टेफ्लॉनचा तुकडा सुटून पंपात गेला तर खरोखरच ओव्हरहॉल करावं लागेल.

लिव्हरच्या दांड्याची ओल सध्या राहू द्या. तिथे आत ओरिंग आहे, ते बदलायला वरचं झाकण काढावं लागतं. झाकणाला आतून गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग जोडलेली असते, आणि लिव्हर दातेरी दांड्यावर ज्या दातावर बसलाय त्याच दातावर परत बसला पाहिजे. गाडीवर ठेवूनही करणारे आहेत, पण वर धूळ, बाजूला पंख्याचा वारा, असल्या जागी मी उघडत नाही. वाढली तर आणा, टेबलावर करू.

घोडबंदरकर | रविवार, दुपारी २.५५

कोरलेल्या अक्षरांचं बरं झालं सांगितलंत. दोन्ही बोल्ट खरंच हुबेहूब आहेत, 'आउट' काजळी पुसल्यावरच दिसलं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला.

चाकोरीबाहेर | रविवार, दुपारी ३.३०

क्लिपांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. इंधनाच्या बारीक नळीला पट्टीत खाचा असलेली मोठी जुबली क्लिप लावू नका. ती नळीत रुतते आणि आवळली की अंडाकृती होते. गोल बसणारी, कडा वळवलेली इंधनाची क्लिप मिळते. रुपया-दोन रुपये वाचवायच्या नादात पुन्हा हवा घेईल. नळी कापताना करवत नको, धारदार ब्लेडने सरळ काप, नाहीतर रबराचा चुरा आत जातो.

नेरूळकरीण | रविवार, दुपारी ४.१०

आणि ज्या नळीचं टोक उघडं पडेल ते स्वच्छ कापडाने किंवा टोपणाने झाकून ठेवा. पार्किंगमध्ये धूळ किती उडते ते आपण सगळे जाणतो.

घोडबंदरकर | बुधवार, रात्री ९.५०

प्रायमर, फिल्टर, तळाच्या कॉकचं ओरिंग, परतीची नळी आणि रिटर्न बोल्टचे वायसर, सगळं झालं. क्रमाने, एकेक करून. प्रायमर आणि फिल्टर बदलल्यावर बुडबुडे जवळजवळ थांबले. कॉकचं ओरिंग बदलल्यावर पूर्ण थांबले. जुनं ओरिंग हातात घेतलं तर ते गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूने चपटं आणि काचेसारखं कडक, नखाने टवका उडाला.

आता गाडी तोंड वर करून लावली तरी सकाळी पहिल्या सेल्फला लागते. बोनेटखालचा वास गेला. एकूण खर्च ओव्हरहॉलच्या पासंगालाही पुरत नाही. लिव्हरच्या दांड्याशी पावडर पुन्हा टाकली आहे, अजून अगदी फिकट ओल आहे, लक्ष ठेवतोय.

जुनं_ते_सोनं | बुधवार, रात्री १०.०५

अभिनंदन! आता टू-स्ट्रोक ऑइल सुरू करा.

कोपरीचा_केमिस्ट | बुधवार, रात्री १०.१२

जुनं_ते_सोनं, तुमची चिकाटी मला मनापासून आवडते. तरी नको. :)

मल्टीजेट | बुधवार, रात्री १०.२०

माझाही निकाल सांगतो. बाटल्यांच्या चाचणीत तिसऱ्या इंजेक्टरचं रिटर्न बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. तो एकच दुरुस्तीला दिलाय. काका, वाचवलंत.

पंपवाला_काका | बुधवार, रात्री १०.४५

दोघांचंही बरं झालं. मल्टीजेट, इंजेक्टर परत बसवताना खालचा तांब्याचा वायसर नवा आणि बसायची जागा स्वच्छ, नाहीतर तिथून वायू निसटून काळं डांबर साचेल.

घोडबंदरकर, एक काम राहिलंय. तुमच्या इंजिनात इंजेक्शन पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. वरची ओल इतके दिवस ओघळत होती, तर ती बेल्टच्या कव्हरमध्ये गेली नाही ना ते बघा. शिवाय पंपाच्या पुढच्या दांड्याचं ऑइल सील गेलं तर डिझेल थेट तिथेच उतरतं आणि बाहेर काही दिसत नाही. वरचं कव्हर काढून टॉर्च मारा, कव्हरच्या तळाशी बोट फिरवा, डिझेलचा वास येतो का बघा. बेल्ट डिझेलने भिजलेला असेल तर पुसून चालवू नका, रबर फुगतं आणि दात सुटतात. किलोमीटर कितीही झालेले असोत, नवा टाका. पंप उतरवायची वेळ आलीच तर नट सोडायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर एकाच रेषेत खूण करून ठेवायला सांगा, टायमिंग तिथेच परत मिळतं.

घोडबंदरकर | गुरुवार, सकाळी ८.३५

कव्हर उघडून बघितलं. बेल्ट कोरडा आहे, दात सगळे शाबूत. तळाशी धूळ आहे, वास नाही. शेवटचा बेल्ट कधी बदलला याची नोंद मात्र बाबांच्या वहीत सापडत नाहीये, त्यामुळे पुढच्या महिन्यात तो बदलूनच टाकतो. तेव्हा पुढचं ऑइल सीलही बघून घेऊ. तुर्भे किंवा वाशीकडे बेल्टचं काम नीट करणारं कुणी ओळखीचं असेल तर निरोपातून कळवा, इथे नाव-नंबर टाकू नका.

तुर्भे_टर्मिनल | गुरुवार, सकाळी ९.००

निरोप पाठवलाय. बेल्टसोबत तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंगही बदला, तेही त्याच वयाचं आहे.